एक चाक आणि माझे दोन पाय

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचं बॅटरीचं दुकान आहे. आमचं म्हणजे बंडूभाऊंचं. मी आणि अशफाक तिथं कामाला. दुकानात जुन्या बॅटऱ्या साचतात तसेच किस्से साचतात. बॅटऱ्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून लिहून काढले.

* * *

बंडूभाऊंच्या भाच्याने पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत एकच जाडजूड चाक आणि त्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पायदानं. हँडल नाही, सीट नाही. बॅटरीवर चालतं, वर उभं राहायचं. पुढं झुकलं की पळतं, मागं झुकलं की थांबतं.

शेजारच्या हॉटेलातले नाना चहा घेऊन आले. चाकाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बाकीचं सामान मागून येणार हाय का?"

भाच्याचे पाय दुखायचे म्हणून त्याने ते विकायला काढलं होतं. इथं गिऱ्हाईक मिळालं नाही तर पुढच्या महिन्यात तो परत न्यायला येणार होता, तोवर दुकानात ठेवायचं. मी रोज गावाहून दुकानात पायी येतो. ते चाक मला फार आवडलं. दोन दिवस मनात घोळवून शेवटी भाऊंना विचारलं.

भाऊ म्हणाले, "भाचा येईल त्या दिवशी दुकानापासून तुझ्या गावच्या पारापर्यंत जायचं. खाली पाय टेकवायचा न्हाई. गेलास तर त्याला सांगतो, चाक इथंच ऱ्हाईल, तू वापर. टेकवलास तर चाक पुण्याला!"

* * *

लोकांना वाटतं शिकताना पडायची भीती असते. पडण्याचं काही नाही हो, पाय दुखतात! तळवे पेटल्यासारखे होतात. तोल सांभाळायला पोटऱ्या चाकाला दाबून धरायच्या, त्या आतून काळ्यानिळ्या होतात. अशफाकने मोटारसायकलच्या जुन्या सीटचा फोम कापला आणि माझ्या दोन्ही पोटऱ्यांना काळ्या टेपने गुंडाळला. दाब एकदम कमी झाला.

त्याच अवतारात माल आणायला अंबडला निघालो. जीपमध्ये माझी जागा कायम मागं, लोंबकळत. त्या दिवशी ड्रायव्हरने माझे पाय पाहिले आणि पुढं बसलेल्या एकाला उठवलं.

"उतर रे, पेशंट हाय!"

मी पुढं जाऊन बसलो. परत येतानाही फोम काढला नाही.

* * *

मग आईने उपचार हातात घेतला. संध्याकाळी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासत बसली. वाटीखाली काळं निघायला लागलं की तिला बरं वाटतं.

"बघ, किती उष्णता निघून राह्यली! उद्या पळशील."

खरोखर पाय हलके झाले. फक्त तिने तूप पुसलं नाही, आणि मीही सकाळी तसेच पाय स्लिपरमध्ये घातले. चाकावर चढलो, जरासा झुकलो आणि स्लिपरमधून पाय सटकले. मी डांबरावर बसलो. चाक एकटंच पुढं गेलं आणि नानांच्या बाकड्याला टेकलं.

नानांनी चाकालाच विचारलं, "साधा का स्पेशल?"

घरी आईने विचारलं, "पायाचं दुखणं थांबलं ना?"

थांबलं होतं. आता कंबर दुखत होती.

* * *

नानांचं मत, चूक स्लिपरची आहे. मऊ तळव्याची चप्पल पायदानाच्या कडेवर वाकते आणि सगळा भार एकाच जागी येतो. मलाही ते पटलं. त्यांनी घरून स्वतःचे लग्नातले बूट आणून दिले. तळ एकदम सपाट आणि कडक.

"मला बी हे घातल्यावर लई त्रास झाल्ता," नाना म्हणाले, "पर त्यो बुटाचा नव्हता."

आत नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, भजी तळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ऐकून राह्यले मी!"

बुटांनी तळव्यांची आग कमी झाली. पाय थोडा मागं घेऊन टाचेवर भार टाकायचा, हेही जमायला लागलं. मी चाकावरून हॉटेलासमोरून गेलो, तेव्हा काकू बाहेर येऊन बुटांकडे बघत राहिल्या.

"लग्नापासून पैल्यांदाच हे बूट कुठंतरी चालले बाई!"

* * *

तरी हायवेवरचं बाभळीचं झाड आलं की पाय भरून यायचे आणि मी उतरायचो. पार त्याच्या कितीतरी पुढं. कारण मला ठाऊक होतं. मी पायाची बोटं आवळून धरायचो. भाऊ ओरडायचे, "सैल सोड!" पण सैल सोडायचं ठरवलं की बोटं आणखी आवळायची.

एकदा घनसावंगीकडचा एक शेतकरी मोटारसायकल माझ्या बाजूला घेऊन आला. शेताच्या तारेत करंट सोडणाऱ्या त्याच्या झटका मशीनची बॅटरी उतरत होती. गिऱ्हाईक बोलायला आलं की मी एरवी पान्हा शोधायच्या निमित्ताने आत जातो. चाकावरून कुठं जाणार? बोलावंच लागलं. पाणी तपासा, वायर घासून घ्या, तारेला गवत लागू देऊ नका. बोलता बोलता बाभूळ कधी मागं गेली, कळलंच नाही.

अशफाकने हे सगळं पाहिलं होतं. म्हणाला, "अरे सिद्धू, तुझ्या तोंडाला आन् पायाला एकच वायर हाय! तोंड चालू केलं की पाय ढिले. बिलकुल गप बसू नको."

मला हा इलाज सगळ्यांत अवघड वाटला.

* * *

भाचा यायचा तो रविवार आला. मी चाकावर, मागून एका मोटारसायकलवर अशफाक, भाऊ आणि भाचा. बाभळीपर्यंत मी गप्प होतो. तिथं बोटं आवळायला लागली.

"बोल रे!" मागून अशफाक ओरडला.

कुणाशी बोलणार? समोरून एक म्हातारबा आले. त्यांना म्हणालो, "राम राम, बाबा!" बोटं सुटली. मग जो दिसेल त्याला सुरू केलं. आमच्या वस्तीपाशी "जय भीम, काका!" पुढं अशफाकच्या चाच्यांना "सलाम, चाचा!" शाळेजवळ पाय पुन्हा भरून आले, तेव्हा दोन्ही हात जोडून मोठ्याने, "मावशी, तब्येत कशी हाय? काही लागलं तर सांगा!"

पाराशी पोचलो आणि मगच पाय टेकवला. भाचा म्हणाला, "राहू दे मामा चाक इथंच."

मी खुश झालो, पण पारावरची मंडळी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. गावात इलेक्शन जवळ आलं होतं.

एक आजोबा म्हणाले, "हे पोरगं आजवर कुणाशी बोललं न्हाई. आज गावभर हात जोडून राह्यलं. कोणच्या वॉर्डातून रे?"

"आन् निशाणी?" दुसऱ्याने विचारलं.

"दिसंना का? चाक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पलीकडच्या गल्लीतल्या तुळसाबाई उभ्या होत्या.

"घरातला नळ गळून राह्यला," त्या म्हणाल्या. "निवडून आल्यावर कोण इचारतं? आत्ताच बघ."

मी पान्हा घेतला. चाक घरीच ठेवलं आणि त्यांच्याबरोबर पायी गेलो, वाटेत बोलत.