बाबांच्या पायाची किळस

आसनगाव स्टेशनबाहेर रिक्षा चालवणारा रूपेश अंगाने दणकट. स्टँडवर मारामारी झाली की सोडवायला त्यालाच हाक जायची. पण कुणाचं बोट कापलं तरी तो तोंड फिरवायचा. "रक्ताला भितो," म्हणून सगळे हसायचे, तोही हसायचा. भित्रा म्हटलेलं त्याला चालत होतं.

मग त्याच्या वडिलांच्या, महादूंच्या पायात करवंदीचा काटा रुतला. त्यांना साखरेचा आजार होता. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. रोज पट्टी बदलायचं काम रूपेशची बायको मेघा करायची. ती पायाशी बसली की रूपेशला नेमकं भाडं आठवायचं.

एका रविवारी मेघाला माहेरी मुरबाडला जावं लागलं. "आजच्या दिवस तुमी करा," म्हणत तिने कापूस, औषध सगळं काढून ठेवलं.

रूपेशने पट्टी सोडली. शेवटची घडी जखमेला चिकटली होती. ती ओढताच रक्तात मिसळलेला पू दिसला, वास आला. त्याच्या घशाशी आंबट पाणी आलं, ओठ वाकडे झाले. बाबांचा पाय तसाच टाकून तो ओटीवर धावला, ओकला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच कोसळला.

शुद्धीवर आला तेव्हा महादू उघड्या जखमेनिशी भिंतीला धरत तिथवर आले होते. त्याच्या तोंडावर पाणी मारत होते.

"घान वाटली ना रे माझी?"

"नाय बाबा. भीती वाटली."

महादू भिंत धरत आत परतले. त्यांनी आपली पट्टी आपणच बांधली. त्या दिवसापासून रूपेश घरात आला की ते पायावर चादर ओढून घ्यायचे. जेवायलाही लांब बसायचे.

रूपेशला घरात मान वर करवेना. लहानपणी त्याला हगवण लागली तेव्हा याच माणसाने त्याला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला होता. सदरा पार भरला होता, तरी खाली उतरवलं नव्हतं.

शेवटी तो शहापूरला एका डॉक्टरबाईंकडे गेला. "रक्त बघून भीती वाटते," म्हणाला.

"छातीत धडधडतं?"

"नाय."

"मग आधी काय होतं?"

त्याचे कान तापले. "मळमळतं. बाबांच्या पायाची किळस येते मला."

बाई हसल्या नाहीत. "रक्ताला घाबरणाऱ्या बऱ्याच जणांना किळसही येते. चक्कर येते ती रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. डोकं हलकं वाटलं की हातपाय घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे. आणि जखमेकडे थोडं थोडं बघायची सवय करा."

घरी येऊन तो बाबांसमोर बसला. "मी खोटं बोललो. किळसच आली होती."

"मला ठाव हाय," महादू म्हणाले. "तोंड दिसत होतं तुजं."

मेघा पट्टी करायला बसली की रूपेश आता शेजारी बसू लागला, मुठी आणि मांड्या आवळून, घामाघूम होत. काही दिवसांनी कापूस हातात धरू लागला. पौषातल्या, म्हसा गावच्या जत्रेचे दिवस आले तोवर पट्टी तोच करत होता. चक्कर येणं थांबलं. जखमही भरत आली.

किळस मात्र पुरती गेली नाही. पट्टी सोडताना त्याचे ओठ अजून वाकडे व्हायचे, आणि महादू नेमके तेव्हाच खिडकीबाहेर बघायचे.