बोर्डोकाकांचा माठ

सुनंदाचा फोन दुपारी आला. "आई, आमचे बाबा गेले," एवढंच म्हणून ती थांबली. दुसऱ्या एखाद्या आईने अशा वेळी लेकीला धीर दिला असता. मी विचारलं, "कशाने गेले? सकाळी काय खाल्लं होतं? जवळ कोण होतं?" ती म्हणाली, "आई, आज तरी नको गं." चैत्राम माझे व्याही, म्हणजे सुनंदाचे सासरे. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये रंग तोलण्यात त्यांचा जन्म गेला. खुर्चीत बसून दाढी करताना हृदय बंद पडलं, साबण गालावर तसाच राहिला. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण गेली वीस-बावीस वर्षं त्यांच्या घराबद्दल मी दुसरं काही विचारलंच नव्हतं, म्हणून तोंडातून आधी तेच निघालं.

आम्ही दोन्ही घरं खानदेशातली, पोटासाठी सुरतेला आलेली. माझा नवरा लूमवर होता आणि आम्ही भेस्तानला राहत होतो. सुनंदाला बघायला ते आले तेव्हा मी मुलाच्या आधी बापाकडे पाहिलं. चहाचा कप घेताना त्यांचे तळवे दिसले. काळपट लाल, नखांच्या कडा तर जांभळ्या. मी सरळ विचारलं, "हाताला काय झालंय?" नवऱ्याने मला कोपर मारलं. ते शांतपणे म्हणाले, "बोर्डो." मी म्हटलं, "असला रोग मी ऐकला नाही." तेव्हा ते पहिल्यांदा आणि माझ्यासमोर बहुतेक शेवटचेच हसले. "रोग नाही बाई, रंग आहे. साडीला उतरतो, हाताला चढतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावी भावाच्या लिंबाच्या बागेत ते मोरचूद आणि चुना कालवून निळं औषध करायचे, त्याला सगळे बोर्डो म्हणत. मिलमध्ये लागले तर तिथे लाल रंगाच्या डब्यावर तेच नाव. यांना वाटलं, रंगाचा व्यापारी फसवतोय. डबा उचलून ते थेट डाईंग मास्तरकडे गेले आणि म्हणाले, "बोर्डो निळा असतो, हा लाल कसा?" मास्तर म्हणाला की फ्रान्समध्ये त्या नावाचं एक शहर आहे. तिथली दारू लाल, म्हणून रंगाला ते नाव. आणि औषध तिथल्या द्राक्षांवर पहिल्यांदा मारलं, म्हणून औषधालाही तेच. तरी यांनी चिमूटभर रंग पाण्यात टाकून पाहिला, मगच तोलला. त्या दिवसापासून मिलमध्ये आणि कॉलनीत ते बोर्डोकाका झाले. माझ्या नवऱ्याला माणूस आवडला. मला नाही आवडला. जो माणूस डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवत नाही, तो सुनेवर काय ठेवणार, असं मी त्याच रात्री बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "तू तरी कुठे कोणावर ठेवतेस?"

लग्नाला वर्ष झालं नसेल तेव्हाची गोष्ट आहे. सुनंदाला दिवस गेले होते. मी न कळवता पलसाण्याला गेले. न कळवताच जायचं, म्हणजे घर जसं असतं तसं दिसतं. पोरगी खाटेवर पडलेली, चेहरा पिवळा, ओठ सुकलेले. "उलट्या थांबत नाहीत," म्हणाली. विहीण केसरबाई भाकरी थापत होती. बोलायला ती खरखरीत, माझ्यासारखीच. "पयलटकरीन शे, उलट्या तर व्हतीनच," असं ती तव्याकडे बघत म्हणाली. पोरीला पाणी द्यावं म्हणून मी मोरीजवळच्या माठावरचं झाकण काढलं. आत निळं पाणी होतं. आकाशी निळं, काठाला पांढरट साय. शेजारी मोरचुदाची पुडी उघडी पडलेली. मोरचूद पोटात गेलं की माणसाचं काय होतं ते मी माहेरी एका बाईच्या बाबतीत पाहिलेलं होतं. मी कोणाला काही विचारलं नाही. ओट्यावर आले आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "हे लोक माझ्या पोरीला मोरचूद पाजतात! या केसरबाईने माठात विष कालवलंय!"

त्या वेळी त्या गल्लीत सगळी घरं आपल्याकडचीच होती. धुळ्याची, नंदुरबारची, अमळनेरची. बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. केसरबाई दारात उभी राहिली. चैत्राम कुंपणाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली हातात ब्रश घेऊन बसले होते, ते उठून आले. त्यांनी माठात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर वळून केसरबाईकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. मला वाटलं, दोघांचं ठरलेलं आहे. मी पोरीला उठवलं, रिक्षात घातलं आणि भेस्तानला आणलं. कोणी अडवलं नाही. अडवलं नाही याचाही मला संशयच आला.

डॉक्टर म्हणाले, विष वगैरे काही नाही, गरोदरपणाच्या उलट्या आहेत आणि अंगात रक्त कमी आहे. मी दुसरा डॉक्टर केला. तोही तेच म्हणाला. तिसऱ्याकडे जायला निघाले तेव्हा नवऱ्याने चपला लपवल्या.

तीन दिवसांनी चैत्राम आमच्या ओट्यावर हजर. हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि एक विळा. बसा म्हटलं नाही, बसलेही नाहीत. "बाई, हे औषध धातूच्या भांड्यात करता येत नाही. भांडं खातं. म्हणून टाकून दिलेला जुना माठ घेतला होता. लिंबाच्या खोडातून डिंक वाहतोय, त्याला लावायला." मग त्यांनी डब्यात विळा बुडवला, थोडा वेळ धरला आणि वर काढून माझ्यासमोर धरला. "चुना कमी पडला तर लोखंड लाल होतं. मग ते औषध झाडाचं पान जाळतं. हा बघा, लाल नाही." मी म्हटलं, "मला शेती शिकवायला आलात?" आणि दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून पाहिलं तर ते विळा धोतराला पुसत होते... पुसून झाल्यावरही तो उन्हात धरून पुन्हा एकदा पाहिला आणि गेले.

मुलगी झाली, तिचं नाव प्राची. सहा महिन्यांनी सुनंदा स्वतःच म्हणाली, "मी जाते." मी म्हटलं, "जा, पण डोळे उघडे ठेव." पुढे मी जेव्हा पलसाण्याला जायचे तेव्हा एक गोष्ट दिसायची. सुनंदाचं ताट वाढलं की चैत्राम उठायचे, तिच्या ताटातला भाजी-भाकरीचा घास घेऊन तोंडात घालायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." सासऱ्याने सुनेच्या ताटात हात घालायचा, ही कुठली रीत? मी लेकीला आडून विचारलं, उघड विचारलं, काही वाईट नजर आहे का असंही विचारलं. ती चिडली. "आई, तुझ्या डोक्यात कुजकं का येतं?" मग मी ठरवलं की हा मला टोमणा आहे. मी विष म्हटलं होतं, म्हणून मला दाखवून खातात. पुढे ते कधी बंद झालं ते कळलं नाही. पण मनातून गेलं नाही. त्यांच्या घरचा चहा मी नेहमी शेवटी प्यायले, सगळ्यांचे कप रिकामे झाल्यावर.

त्यांची माझी शेवटची भेट यंदा होळीनंतर झाली. प्राची आता कॉलेजात आहे. ती आजोबांना मोबाईलवर ते फ्रान्समधलं शहर दाखवत होती. नदी, लांबलचक पूल, पिवळट दगडाच्या इमारती. ती म्हणाली, "आजोबा, तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षांवर ते निळं औषध मारायचे, माहितेय का? कीड मरावी म्हणून नाही. लोकांना विषारी वाटावं आणि कोणी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मग एका मास्तरांनी पाहिलं की रोग आला तेव्हा रस्त्याकडचीच वेल वाचली." चैत्राम यांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "कुठे लिहिलंय? कोणी लिहिलंय?" असं दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, ऐकलंत? आपल्यासारखेच लोक दिसतात." मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्या दिवशी बोलले असते तर माठाचंही बोलून झालं असतं. औषध लिंबासाठी होतं हे मला केव्हाच कळलं होतं. ते त्यांना तोंडावर सांगायचं तेवढं राहिलं होतं.

ते गेल्यावर महिन्याभराने मी केसरबाईला भेटायला गेले. ती आता वाकलीय, पण जीभ तशीच आहे. मी म्हटलं, "व्याह्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. त्या माठाचं मी चुकीचं बोलले होते." ती जे अहिराणीत बोलली ते मी इथे साध्या मराठीत लिहिते. म्हणाली, "त्यांना कशाला सांगतेस? त्यांना कुठे वाटलं की तू त्यांना बोललीस? तू माझं नाव घेतलं होतंस." मग तिने सांगितलं. मी सुनंदाला घेऊन गेल्यावर चैत्राम दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "बाई उगाच ओरडणारी नाही. औषध मी केलं ते झाडासाठी, हे मला माहीत आहे. त्यातलं तू कुठे नेलंस ते मला माहीत नाही." आणि सून परत आल्यापासून, दीड वर्ष, केसरबाईच्या हातचा प्रत्येक घास आधी त्यांच्या तोंडात गेला, मग सुनेच्या.

"मीठ बघतो म्हणे," केसरबाई म्हणाली. "मीठ! मी काय शेंबडी पोर आहे? माझ्या रांधण्यात विष बघत होते. रोज, माझ्यासमोर."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एकदा बोलले, मी नाही काही केलं म्हणून. ते म्हणाले, मग मी खाल्ल्याने तुझं काय जातंय?"

मी त्या माणसावर एवढी वर्षं नजर ठेवली. त्यांच्या तळव्यांवर, त्यांच्या घासावर, त्यांच्या गप्प बसण्यावर. आणि माझ्यावर असा कोणीच विश्वास ठेवला नव्हता, जसा त्यांनी ठेवला. माझ्या नवऱ्यानेही नाही. दोन डॉक्टरांनी खोटं ठरवलेलं माझं बोलणं त्या माणसाने खरं असू शकतं असं धरलं आणि माझ्या लेकीच्या जिवासाठी स्वतःचा जीव ताटात घातला. हे मोठंच आहे, मी नाकारत नाही. पण त्याची किंमत या बाईने दिली, तेही मला लिहायलाच हवं.

मी उठले आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. जिथून खोटं बोलले होते तिथूनच खरं सांगावं, असं मनात आलं. मोठ्याने ओरडले, "केसरबाईने विष घातलं नव्हतं! मी खोटं बोलले होते!" तीन-चार दारं उघडली. एक तरुण बाई हातात बादली घेऊन धावत आली. "क्या हुआ मौसी? टैंकर आया क्या?" मागून एक लुंगीवाला डोकावला आणि ओडियात काहीतरी विचारून आत गेला. केसरबाई आतून ओरडली, "कोनले सांगी राहिनी माय? तवानं कोन शे आठे आते?" खरंच होतं, तेव्हाचं इथे आता कोणीच नव्हतं. तेव्हाच्या त्या सगळ्या बायका कुठे कुठे गेल्या. कोणी गावी परत गेली, कोणी कामरेजला लेकाकडे, काही वरही गेल्या. जाताना प्रत्येकीने केसरबाईचं नाव माझ्या शब्दांत बरोबर नेलं असणार. माझी आठवण कोणी ठेवली नसेल, सुनेला मोरचूद पाजणारी सासू मात्र कोणी विसरत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, प्राचीने शुद्धलेखन तपासलंय. पलसाण्याच्या त्या गल्लीत त्या दिवशी पिठाच्या हातांनी बाहेर आलेल्या बायकांनो, तुम्ही जिथे असाल तिथे हे वाचा, वाचता येत नसेल तर सुनेकडून वाचून घ्या. माठ लिंबाच्या औषधाचा होता. चैत्राम यांनी काही केलं नव्हतं. केसरबाईने तर काहीच केलं नव्हतं. मी न विचारता ओरडले. तुम्ही तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलं असेल त्यांना हेही सांगा, आणि जरा लवकर सांगा. केसरबाई अजून आहे.