स्टेडियमचं मागचं गेट

डिलाईल रोडवरून वरळीकडे निघालं की एक गल्ली आत शिरते, तिच्या टोकाला स्टेडियम आहे. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा गिरणीची पाळी सुटल्यावर इथे पाय ठेवायला जागा नसायची. पुढे गिरण्या बंद पडल्या, बिऱ्हाडं डोंबिवली-विरारला गेली आणि दुकानांची शटरं एकामागून एक खाली आली. इस्त्रीवाला गेला, पिठाची गिरणी गेली. उरली ती आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची मावशींची खानावळ, आणि समोर अंकलचं कप-शिल्डचं दुकान. मावशी मालवणकडच्या. कधीकाळी त्यांच्याकडे कामगारांच्या पंगती उठायच्या, आता चार म्हातारे डबा न्यायचे. अंकल पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मुंबईचे मूळ ख्रिस्ती, ईस्ट इंडियन. गल्लीबोळांतल्या कबड्डी स्पर्धांचे कप त्यांच्या वडिलांपासून तिथेच बनायचे.

स्टेडियमचं मात्र रूप पालटलं होतं. काचा आल्या, दिवे आले, टीव्हीवर दिसणारे कबड्डीचे सामने आले. लोक पुढच्या मोठ्या रस्त्याने गाड्यांतून यायचे आणि तसेच निघून जायचे. आमच्या बाजूला उंच भिंत आणि कायम कुलूप लावलेलं लोखंडी गेट. सामना असला की खिडकीतून आधी ओरडा ऐकू यायचा आणि मग टीव्हीवर गडी पकडला जायचा. इतके जवळ होतो आम्ही, आणि त्याचा उपयोग काडीचा नव्हता.

मी शाळेत पी.टी. शिकवायचे. रिटायर झाल्यावर घरात जीव रमेना. तेवढ्यात स्टेडियमवाल्यांनी रहिवाशांना बोलावलं. परिसर सुधारायचा होता म्हणे. एका तरुण आर्किटेक्ट मुलीने पडद्यावर चित्रं दाखवली. झाडं, बाकडी, कॉफीचं दुकान. चित्रातल्या आमच्या गल्लीवर नुसता हिरवा पट्टा होता.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "ह्यात माझी खानावळ खंय आसा?"

मुलगी बिचारी गोंधळली. कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "झाडं लावा, चांगलंच आहे. पण आधी मागचं गेट उघडा. स्टेशनवरून चालत येणारा माणूस आमच्या गल्लीतून आला की दुकानं आपोआप उघडतील."

मॅनेजर सभ्य माणूस होता. "मॅडम, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. मागे गल्लीत काय आहे, कोण आहे, आम्हाला माहीत नाही."

"मग बघायला या ना," मी म्हटलं. "उद्या दुपारी या. जेवायलाच या."

मला वाटलं, टाळेल. पण तो आला, त्या मुलीला घेऊन आला. मी त्यांना स्टेशनपासून चालत आणलं. पुढच्या रस्त्याने लागतो त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. मावशींनी सुरमई तळली होती, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं होतं. मॅनेजरने दोनदा भात मागून घेतला. अंकलनी त्याच्या हातात एक कप ठेवला. "बघ, यावर अजून नाव नाय टाकलं. तुझ्याकडे आत खेळतात ना, त्यातले दोघे-तिघे लहानपणी माझा कप घेऊन घरी गेलेत." आर्किटेक्ट मुलगी वही बाजूला ठेवून गल्लीचे फोटो काढत होती. निघताना मॅनेजर म्हणाला, "एका रविवारी ट्रायल घेऊ. गडबड झाली तर परत कुलूप."

खरी गडबड आमच्याच चाळीत झाली. पहिल्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका मीटिंगमध्ये कडाडले. "पब्लिक आमच्या जिन्यात लघवीला बसणार. बाईक लावणार. तुम्हाला धंदा हवाय, त्रास आम्ही का सोसायचा?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. वाद घालायच्या ऐवजी मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरला गाठलं आणि गर्दी पांगेपर्यंत गेटजवळची स्वच्छतागृहं बाहेरच्यांना उघडी ठेवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. बाईक आत येऊ नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाशी दोर बांधायचा ठरला. चाळीतल्या बायका शिट्ट्या घेऊन उभ्या राहायला तयार झाल्या. शिट्टी कशी वाजवायची ते मी शिकवलं. काकांनी मान डोलावली नाही, पण विरोधही केला नाही.

रविवारी दुपारी गेट उघडलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, दोन वॉचमननी खांदा लावला तेव्हा ते हललं. थोड्या वेळात गर्दी आली. जर्सी घातलेले घोळके, पोरंबाळं घेतलेली कुटुंबं. मावशींनी कोंबडी-वडे केले होते, काळ्या वाटाण्यांची उसळ केली होती. दारात टेबलं मांडली होती. आणि कोणी थांबलंच नाही. सगळ्यांना आत जायची घाई. गल्ली भरली आणि रिकामी झाली.

मावशी पातेल्याकडे बघत बसल्या. "बाई, ह्या सगळा आता कोण खातला?"

मी शिट्टी गळ्यात अडकवून त्यांच्या शेजारी बसले. आतून ओरडे येत होते. घराघरांतून बायकांना गोळा करून मी सगळ्यांना यात ओढलं होतं, आणि आता एकेकीकडे बघायची हिंमत होईना.

सामना तिन्हीसांजेला सुटला. बाहेर पडणाऱ्यांना कसलीच घाई नव्हती. घसे बसलेले, पोटात कावळे, आणि बोलायला पुष्कळ. आधी एका कुटुंबाने वडे मागितले, मग मागच्यांना वास आला. बघता बघता टेबलं पुरेनात. चाळीतून खुर्च्या खाली आल्या. मावशी आता माझ्याकडे बघतही नव्हत्या, "वडे सोड गो, वडे!" म्हणून सुनेवर ओरडत होत्या. एका शाळेचे कोच अंकलच्या दुकानात शिरले आणि स्पर्धेच्या सगळ्या शिल्डची ऑर्डर देऊनच बाहेर पडले. जिन्यात एक जण शिरलाच. काकांनी त्याला दंडाला धरून स्वच्छतागृहापर्यंत नेऊन सोडलं, आणि मग तिथेच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दाखवत राहिले.

आता प्रत्येक सामन्याला गेट उघडतं. सगळंच सुरळीत झालं असं नाही. काका अजून तक्रारी करतात, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. पिठाची गिरणी काही परत आली नाही. पण इस्त्रीच्या गाळ्यात एका मुलीने सरबताचं दुकान टाकलंय, आणि मावशींची सून नोकरी सोडून खानावळीत उभी राहते. आमची चाळही एक दिवस पाडून टॉवर होणार. बिल्डरच्या माणसांनी नकाशा आणला तेव्हा पहिला प्रश्न मावशींनीच विचारला, आणि तळमजल्यावर गेटकडे तोंड करून दुकानं येईपर्यंत कोणी सही करणार नाही हे सगळ्या चाळीने मिळून सांगितलं. सोबत ती आर्किटेक्ट मुलगी आमच्या बाजूने बसली होती. दुकानं नकाशात आली. ती प्रत्यक्षातही येतील, मला शंका नाही.

मी मॅनेजरकडे आणखी एक गोष्ट मागितली होती. सकाळी आतला सरावाचा हॉल रिकामाच असतो, तो गल्लीतल्या मुलींना कबड्डी शिकायला द्या, शिकवीन मी. त्याने दिला. मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवताना मुली चपला हातात घेऊन दबकत आत आल्या होत्या. आता भोईवाड्यातूनही मुली येतात. काल एकीने मला विचारलं, "बाई, इथे खरा सामना आपला कधी?"

"आधी घोट्याची पकड नीट बसू दे," मी म्हटलं, आणि दोन्ही बाजूंना संघ उभे केले.