कोरडा बोअर

ती घटना आठवली की आजही तोंडाशी नेलेला पाण्याचा ग्लास क्षणभर थांबतो. तेव्हा मी मुखेड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका शेतकऱ्याची फिर्याद आली : धाकट्या भावानं हौदात विष कालवलं, माझी बैलजोडी मेली. दोघांचा बांधाचा वाद आमच्या दप्तरी जुनाच होता. गावानं तर निकाल देऊनही टाकला होता.

पंचनामा केला, हौदातल्या पाण्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला धाडले. थोडं पाणी बाटलीत माझ्याजवळ ठेवलं.

त्याच सुमारास एसटीचा एक कंडक्टर आमच्या हवालदाराला सहज बोलून गेला, "बाजाराच्या दिवशी दुधाचा टँकर त्या गावाकडं जायलाय. तिथं डेअरी कुठं हाय?" बाजाराच्या दिवशी सगळे तालुक्याला जातात, गावात चिटपाखरू नसतं. मी ते मनात ठेवलं.

धाकट्याला चौकशीला आणलं. सकाळपासून तो बाकावर बसून होता. "भांडण हाय साहेब, न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "पन मुक्या जनावराला कोन मारतं?" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले होते. मी बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणालो, "हे तुझ्या भावाच्या हौदातलं."

विष घालणाऱ्याचा हात अशा वेळी मागे येतो. यानं ग्लास सरळ ओठांकडं नेला. मी मनगट पकडलं. तेवढ्यात त्याला वास आला आणि त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, ह्यो वास टँकरच्या पान्याचा हाय."

मग सगळं बाहेर आलं. एका दलालानं त्याला गाठलं होतं. तुझा बोअर कोरडा पडलाय, त्यात कारखान्यातल्या टाक्या धुतलेलं पाणी ओततो, भाडं देतो, म्हणाला. "माझा बोअर, माझी जमीन. कुनाचं काय जातं म्हनलं," धाकटा म्हणाला. त्या बोअरच्या उतारालाच थोरल्याचा बोअर होता, आणि त्याचा हौद त्याच पाण्यानं भरायचा.

पुढच्या बाजाराला सापळा लावून टँकर पकडला. प्रयोगशाळेनं टँकरचं आणि हौदाचं पाणी एकच ठरवलं, आणि माग एका रसायनाच्या कारखान्यापर्यंत गेला. सांडपाणी शुद्ध करायची यंत्रं तिथं होती, पण बंद. व्यवस्थापक शांतपणे म्हणाला, "ती चालवली तर आमचा माल महाग पडतो, बाजारात टिकत नाही, साहेब." मला संताप आला. चोरी-दरोड्यात कुणाचं काय गेलं ते दिसतं. इथं कारखान्याचा खर्च जमिनीखालून दुसऱ्याच्या हौदात गेला होता, आणि तो भरला बैलांनी. ज्याचा खर्च, तो त्याच्याच दारात अडवला पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.

गुन्हे दाखल झाले, धाकट्यावरही. जामिनावर सुटल्यावर तो आपली बैलजोडी घेऊन थोरल्याच्या दारात गेला. जबाबासाठी मीही तिथं होतो. "दादा, ही ठेव," एवढंच तो म्हणाला.

थोरल्यानं बैलाच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाला, "ठेवतो रे. पन ह्यांना पानी कुठलं पाजू?"