रंगरावांचा गडगडाट

रंगराव आयुष्यभर ढग गडगडवत आले. पुण्यातल्या नाटकांत वीज कोसळायची, ती त्यांनी हलवलेल्या पत्र्यातून. टाळ्या आम्हा नटांना मिळाल्या. पण त्या गडगडाटावर मी किती सुखानं मेलोय, ते मला विचारा!

यंदा बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीच्या नाटकात मी राजा होतो. रंगरावांचा पत्रा त्यांच्या सुनेनं भंगारात दिलेला. म्हणून त्यांच्या नातीनं, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या स्वरालीनं, लॅपटॉपवर 'गडगड' नावाचा प्रोग्रॅम करून दिला. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत ते नाव टाइप केलं की आभाळ फाटणार. सेक्रेटरी भाग्यश्रीताईंनी बजावलं, "काका, या वेळी चुकलं तर पुढच्या वर्षीपासून आवाज माझ्या मोबाइलवरून." रंगरावांचं जेवणच गेलं.

प्रयोगात मी बाण लागून पडलो. वीज कोसळली की राजानं प्राण सोडायचा. वीज कोसळेना. विंगेतून रंगरावांची कुजबुज आली, "कमांड नॉट फाउंड म्हणतंय!"

मी मरण लांबवलं. राणीचा निरोप घेतला, घोड्याचा घेतला. विंगेत रंगरावांनी नातीला फोन लावला होता, तोही स्पीकरवर.

"आजोबा, तुम्ही काही हलवलंत का?"

"हलवणारच! प्रयोगाआधी सगळं सामान विंगेत लागतं. 'विंग' नावाचं फोल्डर केलं, त्यात 'गडगड' नेऊन ठेवलं."

"अहो आजोबा! लॅपटॉपच्या प्रोग्रॅम शोधायच्या जागा ठरलेल्या असतात."

"अगं, पण मी त्याच फोल्डरमध्ये उभा आहे! नाकासमोरचं दिसत नाही त्याला?"

"नाही दिसत. आपण सांगायचं. नावाआधी टिंब, मग तिरकी रेघ. म्हणजे 'इथेच आहे, बघ'."

"पुण्यात मुरलेलं दिसतंय. समोर उभं राहिलं तरी ओळख द्यावी लागते."

इकडे मी हत्तीचा निरोप घेत होतो. पहिल्या रांगेतून कुणी म्हणालं, "महाराज, आटपा. कुकर लावायचाय."

आणि आभाळ फाटलं! असं फाटलं, की खाली उभ्या मोटारींचे भोंगे केकाटू लागले. मी कृतार्थ होऊन प्राण सोडला.

टाळ्यांतून आरोळी आली, "वन्स मोअर!" आवाज भाग्यश्रीताईंचा. वन्स मोअर नाट्यपदांना मिळायचा. ढगाला मिळालेला मी प्रथमच ऐकला. रंगराव विंगेतून बाहेर आले, आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांना लवून नमस्कार केला आणि माझ्या कानाशी वाकले.

"उठा महाराज. पुन्हा मरायचंय."