सरळ राहिलेला हात
ओल्या प्लास्टरचा वास आला की माझं उजवं कोपर अजून ठणकतं. पेणजवळ जोह्याला सासऱ्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. सणाला आठ दिवस असताना मी तिथं ओल्या जमिनीवर घसरले आणि कोपर टम्म सुजलं. ‘पेणला दवाखान्यात कशाला जायाचं गो? प्लास्टर घरात हाय,’ म्हणत सासऱ्यांनी माझा हात ताठ धरला, काथ्या गुंडाळला आणि मूर्तीवर थापावं तसं प्लास्टर थापलं. घट्ट होताना ते आत चटके देत होतं. दीड महिन्यानं फोडलं, तर हात वाकेना. पेणचे डॉक्टर म्हणाले, ‘दंडाचा पुढचा स्नायू ओढतो तेव्हा हात वाकतो, मागचा ओढतो तेव्हा सरळ होतो. पण आता सांधाच धरलाय, स्नायू काय करणार? कोपर वाकवून बांधायचं असतं हो!’ पुढच्या वर्षी आरतीनंतर मी डाव्या हातानं मोदक खाल्ला, तर सासरे सगळ्यांदेखत ओरडले, ‘डाव्या हातानं परसाद खातात काय गो?’ त्यांच्या मूर्तींची आशीर्वादाला वाकलेली कोपरं लोक अजून वाखाणतात. मी प्रसाद उजव्या हातातच घेते आणि तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून गाईला घालते.