नोकरी दिली, सेंटर फॉरवर्ड घेतला

मी माझी नोकरी एका सेंटर फॉरवर्डच्या बदल्यात दिली.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "काहीतरीच काय!" म्हणून पहिल्यापासून सांगतो. सौदीतल्या जुबैलला आम्ही कोकणातली मंडळी बरीच आहोत. कोणी रत्नागिरीचे, कोणी रायगडचे, बहुतेक कारखान्यांत नाहीतर त्यांच्या कंत्राटदारांकडे. खरं तर आम्ही सगळे क्रिकेटवाले. पण शुक्रवारी संध्याकाळी जे मैदान मिळायचं ते फुटबॉलचं होतं, म्हणून आम्ही फुटबॉल खेळायला लागलो. (मैदान पोलोचं असतं तर आम्ही पोलो खेळलो असतो. घोडे जमवले असते कुठूनतरी!) चार टीम होत्या. त्यातली एक माझी, आणि ती दरवर्षी चौथी यायची.

मी तिचा मॅनेजर. गोलकीपर माझा मेहुणा अस्लम. तो आमच्याच घरी राहायचा आणि त्याची बहीण, म्हणजे माझी बायको नसीम, त्याला टीमबाहेर ठेवणाऱ्याला जेवायला वाढेल अशी मला खात्री नव्हती. सुदैवाने तो गोलकीपर बरा होता. बाकीच्या टीमबद्दल न बोललेलं बरं.

उन्हाळ्यात उकाड्यामुळे खेळ बंद. खरा खेळ तेव्हा सुरू व्हायचा! सौदायझेशनचा, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी बसवण्याचा, जोर असलेली ती वर्षं. कोणाची जागा सौदी मुलाला जायची, कोणाच्या कंपनीत सौदी कमी पडले म्हणून कंपनी सरकारच्या लाल यादीत जायची आणि तिचे व्हिसे अडायचे, कोणी इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचा गावाला. उन्हाळा संपला की प्रत्येक टीमला भोकं पडलेली. मग अमेरिकन साहेबांबरोबर काम करणाऱ्या इनामदारसाहेबांनी तिकडची एक पद्धत आणली, ड्राफ्ट नावाची. नव्याने आलेले सगळे खेळाडू एका हॉलमध्ये बसवायचे आणि जी टीम शेवटी आली तिने पहिल्यांदा निवडायचं, बाकीच्यांचे नंबर चिठ्ठ्या टाकून. आणि ज्यांची कंपनी बदलली ते जुने खेळाडू फ्री एजंट. त्यांना ज्याची बिर्याणी पटेल त्याच्याकडे ते जायचे.

त्या वर्षी पहिली निवड अर्थातच माझी होती. (आदल्या सीझनचा शेवटचा सामना आम्ही मुद्दाम हरलो, असं बशीरभाई सगळ्यांना सांगत फिरायचा. आम्हाला हरण्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नसे.) बशीरभाई म्हणजे चॅम्पियन टीमचा मॅनेजर, माझा जुना दोस्त आणि जुनं दुखणं. चिठ्ठीत दुसरा नंबर त्याचा निघाला होता. आणि नव्यांमध्ये होता मुरूडचा तबरेज! उजव्या बाजूने असा पळायचा की समोरचा बॅक त्याला शोधत राहायचा. तबरेज माझा, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि ड्राफ्टच्या आधी मैदानाच्या सौदी सुपरवायझरने फर्मान काढलं: यंदापासून प्रत्येक टीममध्ये एक सौदी पाहिजे, आणि तो पूर्ण वेळ मैदानात पाहिजे. बाकी सगळीकडे चालतं, मग इथेच का नाही, असं त्याचं म्हणणं.

सौदायझेशन आमच्या सेंटर लाइनपर्यंत येऊन पोचलं! सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र गालातल्या गालात हसत होतो. कारण माझ्या ऑफिसात, माझ्याच टेबलाच्या बाजूला, एक आख्खा सौदी बसलेला होता.

आता हा फहद कोण, ते सांगायला हवं. मी एका कंपनीत माणसं भरती करणं, रजा देणं, त्यांचे व्हिसाचे कागद हलवणं असलं काम करायचो. ही जागा कायद्याने फक्त सौदींची. म्हणून माझ्या इकाम्यावर पेशा लिहिला होता 'इलेक्ट्रिशियन'. (आमच्या घरात बल्बसुद्धा नसीम बदलते.) कंपनीने फहदला माझ्याकडे काम शिकायला बसवलं होतं. तो शिकला की मी घरी! त्यामुळे मी कोणताही शहाणा परदेशी करतो तेच करत होतो. शिकवत नव्हतो. त्याला झेरॉक्स काढायला लावायचो, त्याने काही विचारलं की "बुक्रा, बुक्रा" म्हणजे उद्या बघू म्हणायचो, आणि तो गरीब पोरगा मान डोलवायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे पहिल्यांदाच स्वतःहून चहा ठेवला.

"फहद, फुटबॉल खेळतोस का?" आमचं बोलणं इंग्रजी-अरबीच्या खिचडीत चालायचं.

"उस्ताद," तो हसून म्हणाला, "मी सौदी आहे!"

मला उत्तर मिळालं. हिंदुस्थानी म्हटला की कॉम्प्युटर येणार, सौदी म्हटला की फुटबॉल येणार. आणखी काय विचारायचं?

"मी येतो खेळायला," फहद म्हणाला, "पण एक अट आहे. मला काम शिकवा. झेरॉक्स नाही, खरं काम."

घरी हे सांगितल्यावर नसीमच्या हातातलं उलथणं तव्यावरच थांबलं.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"हो म्हणालो."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? तो शिकला की तुमची खुर्ची गेली! साराची दहावी आहे यंदा!"

"पप्पा, आर वी गोइंग बॅक?" सारा आतून ओरडली.

"कोणी कुठे जात नाही! अगं, तो झेरॉक्ससुद्धा उलटी काढतो. त्याला काम यायला वर्षं लागतील. सीझन तीन-चार महिन्यांचा. तोपर्यंत त्याला फक्त गंध येईल कामाचा."

अस्लम पोळी मोडता मोडता म्हणाला, "दुलाभाई, ते सगळं ठीक. पण पहिल्यांदा तबरेज घ्या. सौदी नंतर कोणीही मिळेल."

"ते मला शिकवू नकोस. मी रोज माणसं निवडतो!"

ड्राफ्ट आमच्याच घरच्या हॉलमध्ये झाला, शुक्रवारच्या नमाजनंतर, बिर्याणीवर. नवे खेळाडू भिंतीला टेकून बसलेले, त्यात तबरेज आणि त्याच्या शेजारी फहद. आणखी दोन-तीन सौदी पोरंही कोणी कोणी आणली होती. इनामदारसाहेब निवड पुकारायला उभे राहणार, तेवढ्यात बशीरभाई माझ्या कानाशी आला. आवाज अगदी काकुळतीचा.

"मुश्ताक, तू तबरेज घे बाबा. तुझा हक्कच आहे. फक्त तो फहद मला सोड. एवढं कर माझ्यासाठी."

बशीरभाईला फहद हवाय! चॅम्पियन टीमच्या मॅनेजरला! म्हणजे या माणसाला काहीतरी माहीत आहे. पोरगा कुठल्या क्लबात खेळलेला दिसतो. आणि मी नोकरी पणाला लावून याला आणला, तो बशीरच्या टीममधून माझ्यावरच गोल मारणार?

"पहिली निवड!" इनामदारसाहेब म्हणाले.

"फहद!" मी ओरडलो.

अस्लमने कपाळावर हात मारला. तो आवाज नसीमला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"तबरेज," बशीरभाई म्हणाला. लगेच. श्वाससुद्धा न घेता. आणि मग त्याने माझ्याकडे बघून असं काही स्मित केलं की बिर्याणी घशाशी आली.

पहिल्या सरावाला मी फहदला सेंटर फॉरवर्डच्या जागी उभं केलं आणि सुरेख पास दिला. चेंडू त्याच्याकडे आला. तो अदबीने बाजूला सरकला आणि त्याने चेंडूला वाट करून दिली.

"फहद! तू खेळतोस म्हणालास ना?"

"खेळतो, उस्ताद. टीव्हीवर. व्हिडिओ गेममध्ये मला कोणी हरवत नाही."

काढता तर येईना! सौदी मैदानात पाहिजेच. आणि ऑफिसात दिलेला शब्द पाळावा लागत होता. तिथे वेगळीच तऱ्हा. मला वाटलं होतं याला वर्षं लागतील. पण पोरगा झेरॉक्स उलटी काढत होता ती कंटाळून. खरं काम हातात पडल्याबरोबर सुटलाच! सकाळी सांगितलेलं दुपारी पाठ. मी मुद्दाम अवघड करून सांगायचो, तो सोपं करून परत मलाच समजावायचा.

घरी दर शुक्रवारी नसीम दोनच प्रश्न विचारायची.

"चेंडूला पाय लागला?"

"नाही."

"आणि ऑफिसात?"

"काल त्याने माझी एक चूक काढली."

पुढचं भांडी बोलायची. मला रात्री झोप लागेना. मैदानावर मी अल्लाला म्हणायचो, याला थोडं येऊ दे. ऑफिसात म्हणायचो, याचं थोडं विसरू दे. वर बहुतेक दोन्ही अर्ज अदलाबदल होऊन पोचत होते.

शेवटचा सामना बशीरभाईशी. बरोबरी झाली असती तरी आम्ही त्या वर्षी तिसरे आलो असतो. इतिहासच! अस्लम त्या दिवशी जीव तोडून खेळला. तबरेजने मारलेलं सगळं त्याने अडवलं, एकदा तर तोंडाने. सामना संपत आला तरी एकही गोल नाही. मी कडेला उभा राहून नखं खात होतो, शेजारी साराही मोबाइल बाजूला ठेवून बघत होती. तेवढ्यात आमच्या गोलसमोर गर्दी झाली, अस्लम पडला, चेंडू सुटून त्याच्यापासून थोडा दूर जाऊन थांबला. आणि मदतीला मागे आलेल्या फहदने खाली वाकून तो चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि आदराने अस्लमच्या हातात दिला.

पेनल्टी! तबरेजने मारली. आम्ही चौथे.

"पप्पा, ही वॉज ओन्ली हेल्पिंग," सारा म्हणाली.

रविवारी मुदीरने, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबाने, केबिनमध्ये बोलावलं. चेहरा आनंदाने फुललेला.

"मबरूक, मुश्ताक! आजवर इतकं चांगलं कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तुझी जागा फहदची!"

मी "शुक्रान" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? विनोद वगैरे सगळा नंतरचा. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो होतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे जाण्याचे कागद बनवले, आपलेही कोणीतरी बनवील हे कधी मनात आलं नव्हतं.

नसीम रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिने स्टूल घेतलं, कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि फडक्याने पुसायला लागली. सारा पुस्तक उघडून बसली होती, पान मात्र उलटत नव्हती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

महिना भरला. माझ्या टेबलाच्या पलीकडे, माझ्या खुर्चीत, फहद बसला होता आणि मी उभा होतो. त्याचं पहिलंच काम म्हणजे मी.

"उस्ताद, इकाम्यावर तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात. प्लांटवर एक जागा आहे. येतं का काम?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलून काय, शॉक तर मलाच बसला असता.

फहदने पेन खाली ठेवलं. "मलाही फुटबॉल येत नव्हता. तरी तुम्ही मला काढलं नाहीत."

काढता येत नव्हतं हे मी त्याला सांगितलं नाही. काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या. त्याने मुदीरकडे चार चकरा मारल्या, माझा पेशा बदलून घेतला आणि मला ट्रेनिंगमध्ये टाकलं. नव्याने येणाऱ्या सौदी पोरांना काम शिकवायचं! बॅग परत कपाटावर गेली, साराची दहावी जुबैललाच झाली. नसीमने फहदसाठी घावण्यांचा डबा पाठवला. फक्त आमची कोकणातली मंडळी मला बघितलं की आपापल्या ऑफिसचा विषय बदलतात. मी ज्याला शिकवीन तो आपल्या खुर्चीत बसेल, अशी त्यांना धास्ती!

पुढच्या उन्हाळ्यात मैदानावरून नवं फर्मान: आता मॅनेजरही सौदी पाहिजे. माझी तीही जागा फहदकडे गेली. (सवय झाली होती.) पुन्हा आमचाच हॉल, पुन्हा बिर्याणी, पुन्हा पहिली निवड आमची. पण यंदा निवडणार फहद. मी फ्री एजंटांच्या रांगेत बसलो होतो. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

बशीरभाईने फहदच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. फहदने ऐकून घेतलं, उठला, आपला पायघोळ पांढरा तोब नीट केला आणि कोपऱ्यात बसलेल्या गुहागरच्या एका किडकिडीत पोराकडे बोट दाखवलं. ज्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं! हॉलमध्ये कुजबुज झाली. बशीरभाईचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. त्यालाच हवा होता तो!

"शाब्बास!" मी न राहवून ओरडलो. "अरे, हे तुला कसं कळलं?"

"महिनाभर जाऊन सगळ्यांना खेळताना बघितलं. तुम्हीच शिकवलंत ना, उस्ताद? माणूस घ्यायच्या आधी त्याला काम करताना बघायचं." मग तो थांबला आणि अगदी सरळ मनाने, शिकणाऱ्याने विचारावं तसं त्याने विचारलं, "मला पहिला घेतलात तेव्हा तुम्ही काय बघितलं होतं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात नसीम, तिच्यामागे सारा. अस्लमने हातातला घास खाली ठेवला. आता लपवून तरी काय उपयोग होता?

"तुझा तोब," मी म्हणालो. "इस्त्री फार छान होती."